आडवाटेची वाद्यं : तुमचे प्रश्न आणि आमची उत्तरं

मागच्या अंकात सहज लिहिलं होतं की पेटी-तबला-बासरी-गिटार सोडून दुसरं काही शिकत असाल तर कळवा, कुठे अडलंय तेही सांगा. ढीगभर मेल आले. त्यातले बरेचसे "कुठे मिळेल आणि केवढ्याला" एवढेच होते, त्यांना वेगळं उत्तर देत नाही, खालचं वाचलंत तर कळेल की तो प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा असतो. मी स्वतः गेली अकरा वर्षं सारंगी वाजवतो, म्हणजे वाजवायचा प्रयत्न करतो, त्यामुळे सारंगीवर जरा जास्तच बोललोय, चालवून घ्या.

प्रश्न : काका नमस्कार. वय ४३, आयटीत आहे, राहायला पुण्यात. दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन सारंगी मागवली, व्हिडिओ बघून सुरुवात केली. डाव्या हाताच्या नखांच्या मुळाशी कातडी सोलवटते, तारा लावण्यातच तास जातो आणि मग वाजवायला बसलो की मुलगी दार लावून घेते. गुरू शोधू की हे वय नाही म्हणून सोडून देऊ?

वयाचं बाजूला ठेवा. मी चाळिशी उलटल्यावर सुरू केलं आणि माझ्याकडे बघून कुणी "अरे वा" म्हणत नाही हे खरं असलं तरी रोज संध्याकाळी तो एक तास मला लागतोच.

आधी हाताचं बोलू. सारंगीची तार बोटाच्या पेराने दाबायची नसते, नखाच्या मुळाशी जी कातडी असते तिथून, बाजूने तारेला टेकवायची असते आणि तार खाली पट्टीला लागतच नाही, हवेतच थांबते. त्यामुळे सुरुवातीला सोलवटणार, मग तिथे घट्टा पडणार. पण दोन वर्षं झाली आणि अजून सोलवटतंय म्हणजे तुम्ही नक्कीच जोर लावताय. टेकवा, ढकलू नका. बोटांना टाल्कम पावडर लावा, सगळे सारंगिये लावतात, त्यांच्या सारंगीच्या मानेवर पांढरे डाग दिसतात ते त्याचेच. आणि एकदा सोलवटलं की दोन दिवस सुट्टी, चिकटपट्टी लावून वाजवायचा शहाणपणा मी करून बघितलाय, स्वरच कळत नाही.

आता तारा. तीन मुख्य तारा तातीच्या, म्हणजे बकऱ्याच्या आतड्याच्या, आणि त्यांच्याखाली तरफा, म्हणजे न छेडता आपोआप घुमणाऱ्या तारा, पस्तीसच्या आसपास. सारंगीचा जो आवाज माणूस आत कुठेतरी गातोय असा वाटतो तो या तरफांमुळे, तुम्ही वर गंधार बरोबर लावलात की खालची गंधाराची तरफ आपोआप बोलते. बरोबर लावलात तरच. म्हणजे तीच तुमची मास्तरीण आहे, बोट केसभर चुकलं की ती गप्प बसते. म्हणून ट्यूनिंगचा तास फुकट गेला असं समजू नका, तो रियाजच आहे. तरी एक सांगतो, पहिलं वर्षभर सगळ्या पस्तीस रोज लावायच्या मागे लागू नका, तुमच्या रागाच्या सात-आठ मुख्य तरफा नीट लावा, बाकीच्या हळूहळू. आणि तंबोरा सुरू ठेवून कानाने लावा, मोबाइलचा ट्यूनर फक्त षड्जापुरता.

आता तुम्ही न विचारलेला प्रश्न. ऑनलाइन मागवलीत ती वाजवायची आहे की दिवाणखान्यात टांगायची? हसू नका, बाजारात दोन्ही मिळतात आणि फोटोत सारख्याच दिसतात. खरी सारंगी तुणाच्या लाकडाचा एकच ठोकळा कोरून करतात, खालच्या भागावर बकऱ्याचं कातडं ताणलेलं असतं, आणि सगळ्या तारांचं वजन घोडीतून, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या तुकड्यातून, त्या कातड्यावर येतं. माझी पहिली सारंगी एका दुकानातून घेतली होती, नाव सांगत नाही, तिची घोडी वाकडी होती आणि तरफांची भोकं नीट पाडलेलीच नव्हती त्यामुळे निम्म्या तरफा नुसत्या खरखरायच्या. मला वाटायचं माझा हातच वाईट आहे. सात महिने मी स्वतःला दोष दिला हो! मग पहिल्या पावसात कातडं सैल पडलं, घोडी एका बाजूला कलली, आणि ते बदलून द्यायला माणूस शोधता शोधता चार महिने गेले. मिरजेत सतारमेकर गल्लीत सतार-तंबोऱ्याचे पिढीजात कारागीर आहेत, तिथल्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ साली जीआय मानांकनसुद्धा मिळालं, पण सारंगीचं काम वेगळं पडतं, तो कारखाना मुख्यतः उत्तरेत, मेरठ-दिल्लीकडे. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगत सुटलोय की आधी दुरुस्त करणारा माणूस शोधा, मग शिकवणारा, आणि मग वाद्य. लोक नेमकं उलटं करतात, तुम्हीही केलंत, मीही केलं.

गुरू शोधाच. हे वाद्य व्हिडिओवर येत नाही, कारण बोट तारेला कुठल्या कोनात लागतंय ते कॅमेऱ्यात दिसत नाही. सारंगिये कमी का आहेत याचं कारणही समजून घ्या, म्हणजे गुरू मिळाले तर त्यांचा वेळ किती मोलाचा आहे ते कळेल. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी गाण्याच्या साथीला सारंगीच असायची, पण ती तवायफांच्या कोठ्यांशी जोडलेली म्हणून पांढरपेशा घरांनी तिला दूर ठेवलं, आणि मग पेटी आली. पेटी लावावी लागत नाही, महिन्याभरात चार गाणी बसतात, झालं, सारंगी मागे पडली. तिला एकल वाद्य म्हणून उभं केलं ते पं. राम नारायण यांनी, उदयपूरजवळचे, १९४९ ला मुंबईत आले, सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवलं आणि मग साथ सोडून फक्त मैफिली. २०२४ च्या नोव्हेंबरात गेले, ९६ वर्षांचे होते. त्यांची जुनी रेकॉर्डिंग ऐका पण स्वतः वाजवल्यावर लगेच नको, रडू येतं.

मुलीचं काय ते तुम्ही बघा. माझ्या घरी अजून दार लावतात.

प्रश्न : जलतरंगासाठी खास भांडी घ्यावी लागतात की घरातले बाऊल चालतात? मी डिनर सेटमधले आठ बाऊल घेतले, पाणी भरलं, पण सा रे ग च्या पुढे स्वर चढतच नाहीत. आणि अर्ध्या तासाने सगळं बेसूर. — एक गृहिणी, सातारा

ताई, डिनर सेटमधले बाऊल सगळे एका मापाचे असतात, तिथेच गणित बिघडलं. पाणी वाढवलं की स्वर खाली उतरतो, वर जात नाही, म्हणजे रिकाम्या बाऊलचा जो स्वर तो त्याचा सगळ्यात वरचा. आता त्यात पाणी घालून तुम्ही काही स्वर खाली येऊ शकता पण अख्खं सप्तक एका मापात बसत नाही. म्हणून जलतरंगात बाऊल लहान-मोठे असतात, डाव्या हाताला मोठा आणि उजवीकडे लहान लहान होत जातो, अर्धगोलात मांडतात आणि वाजवणारा मध्ये बसतो. साधारण पंधरा-सोळा असतात, काहीजण वीसच्या पुढेही जातात.

खास भांडी लागत नाहीत. लागतो तो कान आणि भांड्याच्या दुकानदाराचा पेशन्स. चिनी मातीचे बाऊल घ्या, कानवाला मग नको कारण कान असलेल्या बाजूला आवाज वेगळा येतो, तडा गेलेला नको, नक्षी उठावाची नको. दुकानातच लाकडी काडीने काठावर हलकं मारून बघा, "टण्" करून वाजला आणि आवाज थोडा वेळ टिकला तर घ्या, "ठक्" झालं तर ठेवून द्या. माझ्या ओळखीच्या एक बाई तंबोऱ्याचं अ‍ॅप लावून बोहारणीकडचे बाऊल वाजवून बघतात, बोहारीण आता त्यांना बघूनच हसते, पण त्यांचा सेट झकास जमलाय.

पाणी भरतानाची एक गंमत लक्षात ठेवा. तळाशी पाणी वाढवलं तर स्वर फारसा हलत नाही, काठाजवळ आलं की चमचाभर पाण्यानेही धाडकन उतरतो, कारण थरथरतो तो काठ. म्हणून वरच्या भागात ड्रॉपर वापरा, काढायलाही तोच. तांब्याने ओतू नका.

अर्ध्या तासाने बेसूर होतं त्याला तुमचा हात जबाबदार नाही, पंखा जबाबदार आहे. पाणी उडतं, थोडंसंच, पण काठाजवळचं उडालं की स्वर चढतो. पंखा बंद करा, उन्हाळ्यात सकाळी लवकर बसा, आणि अधूनमधून दोन-दोन थेंब घालत राहायचं, मैफिलीत वाजवणारेही तेच करतात, फक्त इतक्या सहज की आपल्याला कळत नाही.

हे शिकायला स्वस्त आहे, सगळ्या वाद्यांत कदाचित सगळ्यात स्वस्त, आणि फुटलं तर दुसरा बाऊल आणला की झालं, कारागिराच्या मागे फिरायला नको. मर्यादा एकच, मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकत जाणं, निघत नाही. चमच्याने पाणी जरा हलवून किंचित आंदोलन आणता येतं पण तेवढंच. म्हणून विलंबित ख्यालाच्या नादी लागू नका, भूप, दुर्गा, हंसध्वनी असे मोकळे पाच स्वरांचे राग घ्या, द्रुत गत वाजवा, तिथे जलतरंग जे चमकतं ते बघाच.

प्रश्न : मागच्या वर्षी जव्हारला गेलो होतो तेव्हा तारपा विकत घेतला. फुंकून फुंकून डोकं गरगरतं, आवाज तुटतो. त्यात परवा गाडीच्या डिकीत राहिला, आता नुसती हवा जाते. काय करू? — ठाण्याहून एक वाचक

डिकीत! अहो तारप्याचे सांधे मेणाचे असतात. वाळवलेल्या दुधी भोपळ्याला बांबूच्या नळ्या आणि पुढे ताडाच्या पानांचा कर्णा, हे सगळं मेणाने जोडलेलं, भर उन्हातल्या डिकीत मेण मऊ पडून सांधा उघडला असणार. फेविक्विक लावू नका, हात जोडतो. जिथे घेतलात तिथेच घेऊन जा, मेण पुन्हा लावून मिळेल आणि आतली जिभळी, म्हणजे थरथरून आवाज काढणारी पट्टी, सरकली असेल तर तीही बसवून देतील. पुढच्या वेळी सावलीत टांगून ठेवा, आणि भोपळ्याला कीड लागत नाही ना ते बघत चला.

डोकं गरगरतं कारण तुम्ही शिट्टीसारखं फुंकताय. तारपा सलग वाजतो, वाजवणारा श्वास घ्यायला थांबत नाही. गालात हवा साठवायची, गालाने ती बाहेर ढकलत असतानाच नाकाने आत श्वास घ्यायचा. घरी असं करा, पेल्यात पाणी घ्या, स्ट्रॉ घालून बुडबुडे काढा, आणि श्वास घेताना बुडबुडे थांबायला नकोत. दोन-चार सेकंद जमलं की पुढे महिन्याभरात मिनिटावर जाता येतं. गरगरलं की थांबा, पाच मिनिटांच्या वर एका वेळी नको, बीपी वगैरे असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

पण खरं सांगू का, तुम्हाला वाद्य नाही, नाच शिकायचाय. वारली लोकांत तारपा एकट्याने ऐकवायला नसतो, तारपकरी मध्ये असतो आणि बायका-पुरुष एकमेकांच्या कमरेत हात घालून त्याच्याभोवती फिरतात, त्याने चाल बदलली की पावलं बदलतात. जिव्या सोमा म्हसे यांच्या चित्रांत तो गोल बघितला असेल, बाहेर माणसांचा वेटोळा आणि आत वाकून वाजवणारा. म्हणजे चाली पायांसकट शिकायच्या असतात, सोफ्यावर बसून कशा येणार. भात तयार होतं त्या दिवसांत पुन्हा जव्हार-डहाणूकडे जा, विकत काही घेऊ नका, कुणी बोलावलं तर गोलात उभे राहा. आणि पेटीच्या पट्टीत बसतो का म्हणून विचारू नका, प्रत्येक भोपळ्याचा सूर आपला-आपला असतो.

प्रश्न : मी नागपूरला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. थेरेमिन बनवलं, वाजतंसुद्धा, पण एक गाणं धड येत नाही. कुणी शिकवणारं आहे का इथे?

बनवलंस म्हणजे निम्मं काम झालं, खरंच शाब्बास. बाकीच्यांसाठी सांगतो, थेरेमिन म्हणजे हात न लावता वाजवायचं वाद्य, रशियातल्या लेव्ह तेर्मेन नावाच्या तरुण शास्त्रज्ञाने १९२० च्या सुमारास तयार केलं, १९२२ ला लेनिनला वाजवून दाखवलं आणि १९२८ ला अमेरिकेत पेटंट घेतलं. आत दोन ऑसिलेटर, म्हणजे विजेची कंपनं तयार करणारी सर्किटं, असतात, दोघांचीही फ्रिक्वेन्सी कानाला ऐकू येण्याच्या खूप वर, ऐकू येतो तो त्यांच्यातला फरक. उभ्या दांड्याजवळ हात नेला की तुमच्या शरीराच्या कपॅसिटन्समुळे, म्हणजे विजेचा भार साठवण्याच्या गुणामुळे, एकाची फ्रिक्वेन्सी हलते आणि स्वर चढतो. दुसरी आडवी कडी आवाजासाठी, तिच्याजवळ हात नेला की आवाज कमी.

आता गाणं का येत नाही. एक तर तू चालू केल्या-केल्या वाजवत असणार. दहा-पंधरा मिनिटं तापू दे, नाहीतर स्वर सरकत राहतो, आणि नागपूरच्या मे महिन्यात तर विचारूच नकोस. दुसरं, तुझं पूर्ण शरीर वाद्याचा भाग आहे, मान हलवलीस तरी स्वर हलतो, मागून आई चहा घेऊन आली तरी हलतो. जमिनीवर खडूने पावलांच्या खुणा कर, लोखंडी कपाटापासून लांब उभा राहा, रोज त्याच जागी.

तिसरं आणि मुख्य. यात पडदे नाहीत, पट्ट्या नाहीत, टेकवायला तारसुद्धा नाही, त्यामुळे कान तयार नसेल तर हात कुठे थांबवायचा ते कोण सांगणार? क्लारा रॉकमोर म्हणून थेरेमिनची सगळ्यात मोठी वादक होऊन गेली, ती मुळात व्हायोलिनवाली, हाताच्या दुखण्यामुळे व्हायोलिन सुटलं. पण कान आधीच तयार होता. तिने हवेतली बोटं बसवली, म्हणजे हात एका जागी ठेवून मूठ मिटलेली असताना एक स्वर, बोटं थोडी उघडली की पुढचा, पूर्ण उघडली की सप्तकातला त्यापुढचा. अख्खा हात पुढे-मागे करत बसलास तर भुताच्या सिनेमासारखं ऊंऽऽऊं तेवढं निघणार.

थेरेमिन शिकवणारा शोधू नकोस, गाणं शिकवणारा शोध, तो तुझ्या गल्लीत असेल. तीन महिने तंबोरा लावून फक्त सा आणि प. आवाजाच्या हाताने स्वर तोड, नाहीतर मधली घसरगुंडी ऐकू येते. आणि आपल्याकडच्या पोराला एक फायदा आहे, मींड या वाद्याला आयतीच येते, तिकडच्यांना ती लपवायला कष्ट पडतात आणि तुला ती हवीच आहे. यमनमध्ये नि-रे-ग करून बघ आणि मला रेकॉर्डिंग पाठव.

प्रश्न : आमच्या आजोबांचं घुमट, म्हणजे मातीच्या भांड्याला कातडं लावलेलं गोव्याकडचं तालवाद्य, माळ्यावर सापडलं. मूळचे आम्ही फोंड्याचे, आता मुलगा दुबईला असतो, त्याला ते हवंय, तो तिथल्या मित्रांना आरत्यांच्या वेळी वाजवून दाखवणार म्हणतो. कातडं जुनं आहे, वाजतं छान. शिकायला हेच वापरावं का?

विमानात नेऊ नका! जुनं घुमट म्हणजे त्याला घोरपडीचं कातडं असायची दाट शक्यता. घोरपड १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली सगळ्यात कडक यादीत आहे, ते विकायचं नाही, भेट म्हणून कुणाला द्यायचं नाही, देशाबाहेर तर अजिबातच नाही. घरात ठेवायचं तरी वन खात्याच्या ऑफिसात जाऊन एकदा विचारा आणि ते सांगतील तसं करा. दरम्यान वाजवू नका, माळ्यावरच राहू दे.

मुलासाठी गोव्यातूनच बकऱ्याच्या कातड्याचं नवीन घ्या. आता सगळीकडे तेच वापरतात आणि २०१९ ला गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं त्यानंतर मागणीही वाढलीये. जुनी माणसं म्हणतात तो नाद नाही, आणि खोटं कशाला बोलू, थोडा फरक आहेच, पण चतुर्थीला शामेळ (काठ्यांनी वाजवायचा ढोल) आणि कासाळ्याबरोबर (झांजांबरोबर) दणकून आरती चालू झाली की कुणाच्या लक्षात येत नाही. नेताना मातीचं भांडं आहे हे विसरू नका, हँड बॅगेजमध्ये, आत कपडे कोंबून.

शिकताना लोक उजव्या हाताच्या थापेकडेच बघतात. डावा हात बघायला सांगा त्याला. मागच्या लहान तोंडावर तळवा झाकत-उघडत राहायचा असतो, घुमणारा खर्ज तिथून येतो, तो नसेल तर नुसता माठ बडवल्यासारखं होतं.

प्रश्न : आजोबांचं बुलबुलतरंग आहे, टाइपरायटरसारखी बटणं असलेलं. हे खूप दुर्मिळ आहे का? किती किंमत येईल? — गिरगाव

तुम्ही गिरगावात राहून हे विचारताय? गणपतीत तुमच्या खिडकीखालून जी बेंजो पार्टी जाते तिच्यातला बेंजो म्हणजे तेच, पिकअप आणि अ‍ॅम्प्लिफायर लावलेलं. मूळ जपानी वाद्य, ताइशोगोतो, नागोयात १९१२ ला निघालं आणि आपल्याकडे येऊन आपलंच झालं. किंमत फार येणार नाही, विकू नका. तारा बदला, बटणांखालचा गंज काढा, आणि विसर्जनानंतर एखाद्या पार्टीतल्या बेंजोवाल्याला गाठा, आधी नको, आधी त्यांना श्वास घ्यायलाही वेळ नसतो.